सावत्र ओळ

कोट शिवणाऱ्यांचं घड्याळ जगापेक्षा एक ऋतू पुढे चालतं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असतं आणि दादाच्या कारखान्यात जाड लोकरीचे तागे उलगडलेले असतात. इस्त्रीवाला घामाने निथळत असतो, दादाची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, मांडीवर अस्तराचा ढीग घेऊन आपण आता शिजून निघणार असं सांगत असते, आणि एवढ्या उकाड्यात सगळे मिळून अशा थंडीची तयारी करत असतात जिचा अजून मागमूसही नाही. थंडी पडल्यावर कोट शिवायला घेणारा शिंपी उपाशी मरतो, हे त्या कारखान्यातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं तत्त्वज्ञान. त्यामुळे झाडांची पानं नुकती पिवळी पडू लागली होती, लोक आपापल्या कुंड्या आवरून ठेवत होते, तेव्हा काजताईने कारखान्यामागच्या अंगणात भाजी पेरायची ठरवली आणि अख्खी गल्ली हसली. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना. थंडीत लागणारी वस्तू थंडीच्या आधी करायची असते. इतकं साधं आहे.

काजताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली आणि तिच्या खिडकीतून थेट दिसणारा कारखाना, एवढा तिचा संसार. पोरवयापासून तिने एकच काम केलं, कोटाला काजं करायचं. बघणाऱ्याला ते चिमूटभर काम वाटतं. पण कोट कितीही भारी कापडाचा असू द्या, काज भोंगळ झालं की माणूस गबाळाच दिसतो. काजताईची काजं अशी की बटण आत जाताना हलकासा नकार द्यायचं आणि मग एकदा बसलं की बसलं. खिडकीजवळची खुर्ची तिची. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं तर ती काही बोलायची नाही, फक्त शेजारी येऊन उभी राहायची. बसणारा आपोआप उठायचा.

त्या उन्हाळ्यात काज करायचं मशीन आलं. दादानेच आणलं. तो कारखान्याचा कटिंगमास्तर, मालक आणि सगळ्यांचा मोठा भाऊ, तिन्ही एकाच वेळी. त्यामुळे तो काही ठरवतो तेव्हा नेमका कोणत्या नात्याने ठरवतोय ते कधी कळत नाही. मशीन खटखट करत एका दमात काज पाडायचं. दादाने ते खिडकीजवळच बसवलं, कारण विजेचं बटण तिथे होतं, आणि काजताईला म्हणाला, "धाकटे, आता पुरे झालं. खूप केलंस. घरी बस, आराम कर. तुला काही कमी पडणार नाही."

हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की तिला भांडताही येईना. कोणी हाकलून दिलं तर माणूस दारात उभं राहून चार गोष्टी ऐकवतो. मायेने घरी बसवलं तर काय करायचं? तिने आठवडाभर आराम करून पाहिला. तिला आराम जमेना. ती सकाळी उठून भांडी घासायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची, आणि खिडकीत बसून समोर कारखान्याचं दार किती वेळा उघडलं ते बघत राहायची. मग जेवणाच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून खाली यायची. कधी वहिनीला मीठ द्यायला, कधी परत न्यायला. दुपारी सगळे कटिंगच्या मोठ्या टेबलावरचं कापड सारून तिथेच जेवतात. ती पण बसायची, पण पाहुण्यासारखी, कडेला. वहिनी एकदा म्हणाली की वन्सं, तुम्ही मीठ ठेवूनच जा ना इथे. काजताईला ते लागलं. वहिनीच्या मनात काही नव्हतं, तिचं तोंडच तसं आहे.

अंगण तिला सुचलं ते अशाच एका दुपारी. कारखान्याच्या मागे भिंतींनी वेढलेला एक तुकडा होता. तिथे मोडकी खुर्ची, गंजलेला डबा, चिंध्यांची पोती आणि इस्त्रीवाल्याची सायकल राहायची. दादा जेवता जेवता सांगत होता की तिथे सुतार बोलवून तागे ठेवायला शेड करून घ्यायची. वहिनीचं चाललं होतं की हिवाळा आला की पुन्हा तेच बटाटे आणि तेच वाळलेले वाटाणे, हिरवं म्हणून काही दृष्टीस पडायचं नाही. दोघांचं बोलणं काजताईच्या डोक्यात एकमेकांवर आपटलं आणि ती घास हातात तसाच धरून म्हणाली की मागची जागा मला द्या, मी भर थंडीत टेबलावर हिरवी भाजी आणून ठेवते.

इस्त्रीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. दादा हसला नाही. त्याला मोजून मापून बोलायची सवय. त्याने विचारलं की उगवली नाही तर? तिने विचारलं की उगवली तर? मग दोघा भावंडांत सौदा ठरला. सुतार तसाही भर थंडीतच मोकळा होणार होता. तो माप घ्यायला येईल त्या दिवशी अंगणातल्या भाजीवर सगळ्या कारखान्याचं जेवण निघालं, तर जागा तिची, आणि तिने रोज कामावर यायचं, हक्काने. नाही निघालं, तर शेड होणार, आणि तिने मुकाट्याने घरी बसून आराम करायचा, मिठाचा डबा घेऊन ये-जा बंद. शेवटचं कलम वहिनीने घातलं.

दुसऱ्या दिवशी काजताई बियाण्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तिने आयुष्यात कोथिंबिरीची काडीसुद्धा लावली नव्हती. पालक, गाजर, मुळा, कोबीची रोपं, कांद्याची पात, लसूण. दुकानदार थंडी सोसणाऱ्या भाज्यांची नावं घेत गेला आणि ती प्रत्येक नावाला हो म्हणत गेली. लग्नाच्या खरेदीला आल्यासारखं तिचं चाललं होतं. दुकानदाराने बजावून सांगितलं की आता लगेच पेरा, जमिनीत अजून ऊब आहे, थंडीच्या आत मुळं धरली पाहिजेत; आणि एकदा धरली की मग त्यांचे फार लाड करू नका. पहिलं वाक्य तिने नीट ऐकलं. दुसरं वाक्य येईपर्यंत ती पिशवी घेऊन पायरी उतरली होती.

मग जे काही सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण काजताईने बाशिंग कपाळाला, गुडघ्याला आणि कोपराला, सगळीकडे बांधलं. तिने पोती हलवली, सायकल इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली नेऊन लावली, कुदळ मागून आणली आणि पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आणले. जमीन दगडासारखी. तिने ती ओली करून खणली, ढेकळं हाताने फोडली, गल्लीतल्या झाडांखालचा पाला आणून मिसळला, आणि सपाट, चौकोनी, काठ सरळ असलेले वाफे तयार केले. काठ सरळ आहेत की नाही ते बघायला दादाची कापडावर रेघ मारायची पट्टी पळवली. दादाने दिवसभर पट्टी शोधली आणि वहिनीवर चिडला.

पेरणी तिने काजांसारखी केली. वाफ्यावर मेण लावलेला दोरा ताणायचा, दोऱ्यावर दोन बोटांच्या अंतरावर खडूच्या खुणा, आणि खुणेखुणेला एक बी. गाजराचं बी म्हणजे धुळीचा कण; लोक ते मुठीने भुरभुरवतात. काजताई गुडघ्यांवर बसून एकेक बी बोटाच्या टोकावर घेऊन मातीत ठेवत होती, आणि ठेवल्यावर बोटाने हलकं दाबत होती. इस्त्रीवाला दारात उभा राहून म्हणाला की काजताई, बटणं उगवणार वाटतं. ती हसली, पण मान वर केली नाही. कितीतरी महिन्यांनी तिच्या बोटांना बारीक काम मिळालं होतं. तिला इतका आनंद झाला होता की ती गुणगुणत होती, आणि आपण गुणगुणतोय हे तिला कळतही नव्हतं.

शेवटी लसणाच्या पाकळ्या भिंतीकडेला टोचल्या. वहिनीने विचारलं की हा कधी निघणार. काजताई खाली बघत म्हणाली की पुढच्या उन्हाळ्यात. वहिनी नुसती बघत राहिली. सौद्याचा निकाल थंडीत लागायचा होता आणि ही बाई उन्हाळ्याचा लसूण लावून मोकळी झाली होती.

मुळा सगळ्यात आधी उगवला. ती सकाळी अंगणात गेली आणि आत ओरडतच आली. सगळ्यांना कामावरून उठवून मागे नेलं. मातीतून हिरवे ठिपके बाहेर पडले होते, खडूच्या खुणा होत्या तिथेच, एकही इकडे तिकडे नाही. इस्त्रीवाल्याने वाकून पाहिलं आणि त्याची थट्टा तोंडातच राहिली. दादा म्हणाला की बरं आहे, आणि आत गेला. दादाचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्या कोणी नाचावं इतकं असतं. पुढे पालक आला, मग गाजराची केसासारखी पानं. काजताई रोज दिवसातून इतक्या वेळा अंगणात जाऊन यायची की उंबरठा झिजेल अशी भीती होती. कोणी तरी आपल्यावर अवलंबून आहे, आणि तेही गप्प राहून, ओझं न होता वाढतंय, याचं तिला वेड लागलं होतं.

आणि मग हवा बदलली. एका सकाळी तिने अंगणाचं दार उघडलं तर भिंतीवरून बोचरा वारा येत होता आणि पालकाची पानं जमिनीला टेकली होती. दुसरं कोणी असतं तर गवत पसरलं असतं, पातळ फडकं टाकलं असतं, किंवा सोडून दिलं असतं. पण ही काजताई. आयुष्यभर तिने एकच गोष्ट पाहिली होती, की जिवंत जिवाला थंडी वाजली की त्याला कोट शिवायचा असतो.

तिने वाफ्यांना कोट शिवले. थट्टा नाही, खरेखुरे कोट. चिंध्यांच्या पोत्यांतून लोकरीचे तुकडे निवडले, जोडले, आत कापूस भरला, खाली अस्तर लावलं, टाके घालून रजईसारखे पक्के केले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना बटणं बांधली आणि कोटांना काजं केली. हातानेच. सुई ओवायला तिला वेळ लागायचा, दोरा भोकाच्या डावीउजवीकडून जायचा, ती डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची. पण एकदा दोरा ओवला की बोटं पूर्वीसारखीच धावायची. दादा कटिंग करता करता तिच्याकडे बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. संध्याकाळी सगळे वाफे गळ्यापर्यंत बटणं लावून निजल्यासारखे दिसले तेव्हा इस्त्रीवाल्याने त्यांना कडक सलाम ठोकला.

फक्त एक ओळ राहिली. भिंतीपासून सगळ्यात लांब, दाराच्या वाऱ्यात, थोडी गाजरं आणि थोडा पालक. तिथे येईपर्यंत लोकर संपली. काजताईने खूप शोधलं, नव्या ताग्याकडेही एकदा नजर टाकली, पण दादा कात्री घेऊन उभा होता. त्या ओळीला उघडंच राहावं लागलं. वहिनीने तिचं नाव ठेवलं सावत्र ओळ. काजताईला इतकं अपराधी वाटायचं की तिकडून जाताना ती मान फिरवायची. घरात चार पोरांना नवे कपडे आणि पाचवं तसंच दारात उभं, असं तिला व्हायचं. पाणी घालतानाही ती सावत्र ओळीची आधी माफी मागायची, आणि हे इस्त्रीवाल्याने ऐकलं होतं.

थंडी वाढत गेली तसतसे काजताईचे लाडही वाढत गेले. सुरुवातीला ती दुपारी ऊन आलं की बटणं काढून कोट बाजूला करायची. मग ढगाळ दिवस आले, आणि ऊन नाही तर काढायचे कशाला म्हणून कोट तसेच राहू लागले. मग तिला वाटलं कापूस कमी पडतोय; तिने आणखी भरला. एखाद्या दिवशी ती कोटाचं एक टोक उचलून आत हात घालायची, आत उबदार ओलसर लागायचं, आणि ती समाधानाने टोक पुन्हा खाली करून बटण लावायची. आत हात घालायची, डोळे नाही. दार उघडून बाळ उठवू नये, तसं तिचं. बाकी सगळ्यांना ती रोज सांगायची की माझी पोरं आत मजेत आहेत. दादा ऐकून घ्यायचा. अति तिथं माती ही म्हण त्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होती, पण ती आठवायची वेळ कोणाला वाटली नाही.

सुतार आला त्या सकाळी रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. काजताई उजाडताच आली होती. वहिनीने मोठं पातेलं घासून ठेवलं होतं. सगळ्या कारखान्याचं जेवण आज अंगणातून निघणार होतं, आणि काजताई तिच्या सगळ्यात चांगल्या साडीवर पदर खोचून तयार होती. तिने पहिल्या वाफ्याची बटणं एकामागून एक सोडली, कोट दोन्ही हातांनी उचलला, आणि तशीच उभी राहिली.

आत पालक होता, पण त्याला पालक म्हणवेना. पांढुरक्या पिवळ्या लांबलचक देठांवर छोटी लुळी पानं, एकमेकांच्या अंगावर पडलेली. खालची पानं कुजून काळी. वास आला, बंद कपाटाचा. तिने दुसरा कोट उचलला. मुळ्याला पानांचाच सगळा पसारा, खाली दोऱ्यासारखं मूळ. गाजरं उपटली तर सुईएवढी. कोबीचं एक रोप बुरशीने पांघरलं होतं. तिने सगळे कोट काढले आणि सगळीकडे तेच. ती जमिनीवर बसली. सुतार दारात टेप घेऊन उभा होता आणि त्याला कोणी आत ये म्हणेना.

दादा बाहेर आला. त्याने एकेक वाफा बघितला. तो खाली वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की जाऊ दे, थंडीत बसू नकोस, आत चल. तिने नकारार्थी मान हलवली. तिचं लक्ष सावत्र ओळीकडे गेलं होतं. ती तर पार गेली होती. पानांवर बर्फाची साय होती, पालक जमिनीला चिकटून काचेसारखा झाला होता, गाजराची पानं आडवी. नव्या कपड्यातल्यांचं हे झालं, तर उघड्यावरच्यांचं काय होणार. तिला रडू फुटलं. ती भाजीसाठी रडत नव्हती. उद्यापासून त्या खोलीत बसून भांडी पुन्हा पुन्हा घासायची, हे तिला दिसत होतं.

सुताराने माप घेतलं. तो लांबी घेत होता, रुंदी घेत होता, आणि वहिनीने त्याला चहा दिला तोही त्याने माप घेता घेताच प्यायला. काजताई आत आली नाही. कुजलेलं उपटून एका कोपऱ्यात रचत राहिली. निदान जागा स्वच्छ करून द्यावी म्हणून. ऊन हळूहळू भिंत उतरून अंगणात आलं. आधी लसणापर्यंत, मग वाफ्यांवर, मग दारापर्यंत.

आणि मग तिने सावत्र ओळ उपटायला हात घातला, आणि हात थांबला.

पालक उभा राहत होता. साय वितळून पानांवर पाणी झालं होतं, आणि जी पानं सकाळी काचेसारखी मेलेली होती ती एकेक करून जमिनीपासून सुटत होती. बुटकी, जाड, काळसर हिरवी पानं. तिने एक तोडलं. ते तुटताना कट्कन आवाज झाला. तिने गाजराची पानं मुठीत धरली आणि ओढलं, तर ते येईना. तिने दोन्ही हातांनी ओढलं. मातीतून गाजर निघालं, लहानच, पण बोटाहून जाड आणि भडक रंगाचं. तिने ते पदराला पुसलं आणि चावलं.

ती कारखान्यात कशी शिरली ते तिलाही आठवत नाही. मातीचे पाय, हातात अर्धं गाजर, दुसऱ्या हातात आणखी चार. ती ओरडत होती की खा, खा, आधी खा. इस्त्रीवाल्याने घाबरून इस्त्री बाजूला ठेवली. तिने त्याच्या तोंडातच गाजर कोंबलं. त्याने चावलं, आणि हा माणूस ज्याला प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं, तो फक्त चावत राहिला. वहिनीने खाल्लं आणि विचारलं की वन्सं, साखरेत बुडवून आणलंत का. सुतारालाही एक मिळालं. थंडी खाऊन खाऊन त्या गाजराने आपल्या आत साखर साठवली होती, आणि पानांना उभं राहायचं बळही त्याच थंडीने दिलं होतं. ती पायरी उतरत असताना दुकानदार फार लाड न करण्याबद्दल जे सांगत होता ते काजताईला आता ऐकू आलं.

शेवटचं गाजर तिने दादाच्या हातात दिलं. दादाने ते मापून घेतल्यासारखं उलटसुलट बघितलं, मग खाल्लं. मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा बसला होता, की फार गोड आहे, पण धाकटे, एका ओळीवर सगळ्यांचं जेवण निघत नाही.

"नाही निघत," ती म्हणाली. "सौदा मी हरले. ते मी मागत नाहीये." ती दम खात थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे चमकत होते, आणि आता ती रडत नव्हती. "दादा, मी त्या वाफ्यांना कोट घातले ना, ते मायेनेच घातले होते. आत काय चाललंय ते मी बघितलंसुद्धा नाही. तू पण मला असाच कोट घातलायस. मी त्या खोलीत पिवळी पडतेय रे. मला थोडी थंडी लागू दे."

वहिनीने पदर तोंडाला लावला. सुताराला कळलं की आपण इथे असू नये, आणि तो टेप गुंडाळत भिंतीकडे बघत राहिला.

दादा मग खुर्चीवर बसला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. मागच्या हंगामात एका फिकट कोटावर तिच्या बोटाचं रक्त लागलेलं त्याला सापडलं होतं. सुई टोचल्याचं तिला कळलंही नव्हतं. तो कोट त्याने लपवून ठेवला, कोणाला दाखवला नाही, आणि त्यानंतर तिला सुई ओवताना डोळे बारीक करताना बघून रोज त्याचा जीव तुटायचा. मशीन त्याने त्यासाठी आणलं. तिची बोटं वाचावीत म्हणून. तो म्हणाला की मला वाटलं मी बरोबर करतोय.

"माझ्या वाफ्यांबद्दल मलाही हेच वाटत होतं," काजताई म्हणाली.

त्यावर इस्त्रीवाला हसला, आणि मग वहिनी, आणि मग दादासुद्धा, डोळे पुसत. सुताराला दादाने सांगितलं की शेड नको, आत भिंतीला छतापर्यंत फळ्या मारून दे, तागे उभे राहतील. सौद्याचं काय, असं वहिनीने विचारलंच, कारण कलम तिचं होतं. दादा म्हणाला की बाहेर लसूण लावलाय, तो उन्हाळ्यात निघणार. सौदा तेव्हा बघू. मग वहिनीनेच पालकाची उरलीसुरली पानं तोडून आणली आणि बटाट्यांच्या पातेल्यात टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला चार हिरवे तुकडे आले. कोणी कधी इतकं हळू जेवलं नव्हतं.

जेवण झाल्यावर काजताईने सगळे कोट अंगणातून आत आणले. दुसऱ्या वाफ्यांत जे काही जिवंत होतं ते उघड्यावर ठेवलं, वाऱ्यात, बघू कोण तगतं ते. कोटांच्या घड्या घालून तिने ते खिडकीजवळ ठेवले आणि वर बघितलं, तर दादाने मशीन सरकवून इस्त्रीच्या बाजूला नेलं होतं. तिथे मोकळं विजेचं बटण नव्हतं. वायर दारासमोरून फिरवून आणावी लागली होती आणि इस्त्रीवाला दोनदा तिला अडखळला होता. खिडकीजवळ जुनी खुर्ची होती. खुर्चीवर एक कोट होता, गडद, जाड लोकरीचा, पुढून सगळा शिवून झालेला, आणि एकही काज नसलेला.

"मशीनला हा जमत नाही?" तिने विचारलं.

"जमतो," दादा म्हणाला. "मला नाही आवडत."

ती बसली. तिने सुई घेतली, दोरा घेतला, डोळे बारीक केले. दादा पुढे आला, तिच्या हातातून दोन्ही घेतलं, सुई ओवली, गाठ मारून परत दिली आणि कटिंगच्या टेबलाकडे निघून गेला. पुढचं त्याने बघितलं नाही.